वहिनीचे टाके आणि माझी साक्ष

आमच्या वहिनीने आयुष्यात काय केलं असं कुणी विचारलं, तर मी सांगेन, मोजे विणले. एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब असलेले, आणि "भाऊजी, ताणले की सारखे होतात" असं वर सांगून लोकांच्या गळ्यात मारलेले मोजे. माझ्या कपाटात अशा मोज्यांचा एक अख्खा खण आहे. मी तो उघडत नाही.

मोठा भाऊ जाऊन अकरा वर्षं झाली. मी लग्नाच्या भानगडीत पडलो नाही, त्यामुळे तो गेल्यावर घरात मी आणि वहिनी असे दोघंच उरलो. मी सरकारी कचेरीत खिडकीवर अर्ज घेत असे. पस्तीस वर्षांत एक अर्ज चुकून पुढे जाऊ दिला नाही, याचा मला आजही अभिमान आहे. वहिनी दहावी नापास. तिच्या खांद्याला कायम एक कापडी पिशवी, पिशवीतून दोन सुया बाहेर आलेल्या, आणि नाक दुसऱ्याच्या घरात. लिफ्टच्या आरशावर ओरखडा कुणी काढला, तिसऱ्या मजल्यावरचं पायपुसणं कुणी पळवलं, असले शोध ही बाई लावायची आणि जेवताना मला सांगायची. मी पेपर वर धरायचो. तरी ती सांगायचीच.

आता तिच्या मंडळाविषयी. आमच्या इमारतीला दोन विंगा आहेत, मध्ये अंगण, आणि तळमजल्यावर एक हॉल. त्या हॉलमध्ये बारा-तेरा बायका दर बुधवारी विणायला जमतात. 'जमतात' म्हणजे एकमेकींची उणीदुणी काढतात आणि हाताला चाळा म्हणून विणतात. डिसेंबर लागला की यांच्या अंगात येतं. नाताळासाठी हॉलमध्ये झाड उभं करायचं, त्याला लोकरीच्या चांदण्या टांगायच्या, टोप्या-मोजे इस्पितळातल्या मुलांना वाटायचे, आणि कोपऱ्यात गोठ्याचा देखावा मांडायचा. त्या देखाव्यातलं बाळ लाकडाचं, वीतभर. त्याच्यासाठी दरवर्षी एक नवी पांढरी शाल विणली जाते. आता लाकडाला थंडी वाजते का? पण ही शाल कुणी विणायची यावरून त्या मंडळात जे राजकारण चालायचं, ते बघून खरे राजकारणी लाजले असते.

शाल विणायचा मान अध्यक्षबाईंचा. ऐंशीच्या घरातल्या, चिमणीएवढ्या, समोरच्या विंगेत पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या. त्यांची सगळी हयात हुकूम सोडण्यात गेली होती. त्यांच्या खालोखाल मान उपाध्यक्षीणबाईंचा. हिला बायका पाठीमागे 'उसवणी' म्हणत. हातात घेतलेलं दुसरीचं काम ही धड सोडायचीच नाही. "अगं, तिसऱ्या ओळीत टाका उलटा पडलाय," असं म्हणून समोरचीच्या तोंडावर अर्धा स्वेटर उसवून ठेवायची. वीस वर्षं ती एकाच आशेवर होती, की कधी तरी म्हातारीचे डोळे जातील आणि बाळाची शाल आपल्याकडे येईल.

डोळे गेलेच. डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी अध्यक्षबाईंनी जाहीर केलं, की ही आपली शेवटची शाल, पुढच्या वर्षीपासून शाल त्यांना सांभाळायला येणारी बाई विणेल. ती रोज संध्याकाळी यायची आणि सकाळपर्यंत थांबायची. चार वर्षांत म्हातारीने तिला विणायला शिकवलं होतं आणि "तुम्हा सगळ्यांपेक्षा तिचा हात गोड आहे" असं भर सभेत सांगून टाकलं. वहिनीने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा पेपर खाली घेतला, कारण मला मनापासून हसू आलं. उसवणीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असणार. म्हटलं, बरं झालं.

नाताळाच्या चार दिवस आधी अध्यक्षबाईंचा खून झाला.

मी रोज संध्याकाळी आमच्या गॅलरीत चहा घेत बसतो. गॅलरीसमोरच अध्यक्षबाईंची खिडकी. त्या दिवशी साडेपाचला दिवा लागलेला होता आणि त्या खिडकीजवळच्या खुर्चीत डोक्यावरून शाल घेऊन विणत बसल्या होत्या. अंगणात मंडळाच्या बायकांची ये-जा चालू होती, कुणाच्या हातात चांदण्या, कुणाच्या हातात शिडी. पावणेसहाला सांभाळणारी बाई पिशवी घेऊन जिना चढली. साडेसहाला ती किंचाळत खाली आली. म्हातारी कोचावर पांघरूण घेऊन पडलेली, तोंडाजवळ उशी; झोपलीय समजून आपण आधी स्वयंपाक उरकला, असं तिचं म्हणणं. उशी नुसतीच जवळ नव्हती, तोंडावर दाबलेली होती, हे डॉक्टरने नंतर सांगितलं.

सगळे धावले, मीही गेलो. आणि तिथे आमच्या वहिनीने जे केलं, त्याने मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कोचावर मेलेलं माणूस, बायका रडताहेत, आणि ही खुर्चीवरची अर्धवट शाल उचलून ओळी मोजत होती. ओठ हलत होते. मी दात-ओठ खात म्हटलं, "वहिनी, लाज आहे का काही?" तर म्हणते कशी, "सेहेचाळीस. भाऊजी, दुपारी चाळीस होत्या."

मी तिथून निघून आलो.

पोलीस आले. इन्स्पेक्टर तरुण होता, पण माणसं ओळखणारा वाटला, कारण त्याने बायकांचा कलकलाट बाजूला सारून माझी साक्ष आधी घेतली. मीही कचेरीतल्या पद्धतीने मुद्देसूद सांगितलं. साडेपाचला अध्यक्षबाई खिडकीत विणत होत्या, चेहरा स्पष्ट दिसला. पावणेसहाला सांभाळणारी बाई आत गेली. मधल्या वेळात कुणी परकं आलं नाही. खाली सही केली. उरलेलं गणित कुणालाही जमण्यासारखं होतं. साडेपाचला जिवंत, साडेसहाला मेलेली, आणि घरात एकच माणूस. बाकीच्या सगळ्या, उसवणीसुद्धा, पावणेसहापासून हॉलमध्ये झाड सजवत होत्या. सांभाळणाऱ्या बाईला त्याच संध्याकाळी नेलं.

पुढचे दोन दिवस मी इमारतीत मान ताठ करून फिरलो, हे कबूल करतो. वॉचमनने खुर्ची दिली. खालच्या दुकानदाराने दोनदा सगळं पहिल्यापासून ऐकलं, आणि दुसऱ्या वेळी मी म्हातारीच्या हातांची लगबगही घातली. "सुया कशा झरझर चालल्या होत्या," मी म्हटलं. असल्या बायकांच्या हातून असलंच होणार, हेही म्हटलं. लोकांनी माना डोलावल्या.

घरी मात्र वहिनी जेवेना. पिशवी घेऊन सकाळी जायची ती दुपारी यायची. या बाईने नेमकं काय चालवलं होतं ते मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं, आणि कळलं तसं सांगतो, कारण तिला ते धड सांगता येत नाही. ती मध्येच लोकरीच्या भावात शिरते.

खुनाच्या दिवशी दुपारी ती अध्यक्षबाईंकडे पांढऱ्या लोकरीचा गुंडा द्यायला गेली होती. तेव्हा शालीच्या चाळीस ओळी झाल्या होत्या आणि एकतिसाव्या ओळीत, मधोमध, सुलट टाक्यांत एक टाका उलटा पडलेला होता. वहिनीने दाखवला. म्हातारी म्हणाली, "मला आता दिसत नाही गं. राहू दे, बाळ काही तक्रार करत नाही." संध्याकाळी ओळी सेहेचाळीस झालेल्या आणि तो उलटा टाका नाहीसा. उसवून परत विणलं नव्हतं. तेवढाच एक टाका वरून खाली सोडत नेऊन, सुलट करून, आकड्याच्या सुईने पुन्हा वर आणलेला होता. आणि वरच्या सहा ओळी सैल हाताच्या.

"म्हातारीला चूक दिसतच नव्हती, ती दुरुस्त कशी करेल?" वहिनी इन्स्पेक्टरला म्हणाली. तो म्हणाला, सांभाळणाऱ्या बाईने केली असेल. वहिनीने मग त्याच्या टेबलावर त्या बाईने विणलेला एक रुमाल ठेवला. तिला म्हातारीनेच शिकवलेलं, त्यामुळे दोघींचा हात एकच, घट्ट, लोकर उजव्या बोटावरून फेकायचा. शालीच्या त्या सहा ओळी डाव्या बोटावर लोकर धरणारीच्या होत्या. मंडळात तसं धरणारी एकच बाई. तिचे टाके वहिनीच्या प्रत्येक स्वेटरात होते, कारण वीस वर्षं ती वहिनीच्या चुका वहिनीला न विचारता दुरुस्त करत आली होती. पुरावा म्हणून आमची ही बाई पोलीस चौकीत सात स्वेटर घेऊन गेली. मी हे ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला.

पण इन्स्पेक्टर हसला नाही. त्याने भिंग मागवलं, सगळं बघितलं, आणि म्हणाला, "बाई, पटतंय. पण कोर्टात स्वेटर बोलत नाहीत. तुमच्याच दिरांनी साडेपाचला म्हातारीचा चेहरा पाहिलाय. तशी सही आहे. ती जोवर आहे, तोवर त्या बाईला सोडता येत नाही."

त्या दिवशी वहिनी घरी आली ती सरळ माझ्यासमोर बसली. मी पेपर वर धरला. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"भाऊजी, तुम्ही चेहरा बघितलात?"

"सही केली आहे मी."

"सही नाही विचारत. चेहरा. डोक्यावर शाल होती ना?"

"मग त्यांच्या खिडकीत, त्यांच्या खुर्चीत, त्यांची शाल घेऊन दुसरं कोण बसणार?"

"कोण ते मला ठाऊक आहे. तुम्ही काय बघितलंत ते सांगा."

मला संताप आला. माझी साक्ष म्हणजे काय हिचा मोजा होता, वाटेल तसा ताणायला? मी आवाज चढवला. म्हटलं, पस्तीस वर्षं मी कागदावर जे लिहिलं ते कुणी खोडलं नाही. दहावी नापास बाईच्या सांगण्यावरून मी पोलिसांत जाऊन सांगू, की मी खोटं बोललो? इमारतीत तोंड कसं दाखवू?

ती शांतपणे म्हणाली, "तिची आई घरी अंथरुणाला खिळलीय. दोन दिवस शेजारच्या बघताहेत. तिला फाशीसुद्धा होईल, भाऊजी."

"ते कोर्ट बघेल."

"बरं. मला एक सांगा. माझ्यात काही फरक दिसतोय?"

मी बघितलं. काही दिसलं नाही. पिकलेले केस, पिशवी, नेहमीची वहिनी.

"दहा दिवस झाले, चष्मा बदलला मी," ती म्हणाली. "आधीचा काळा होता. रोज दोन वेळा तुमच्यासमोर जेवायला बसते."

 खरं सांगायचं तर आधी चष्मा होता की नाही, हेच मला आठवेना.

रात्रभर मी स्वतःला बजावत राहिलो, की चेहरा दिसला होता. पण खिडकी डोळ्यांसमोर आणली की दिवा दिसायचा, शाल दिसायची, आणि शालीच्या आत काही नसायचं. मी तिथे बघितलंच नव्हतं. एक म्हातारी विणतेय, त्यात काय बघायचं? आणि मघाशी जे झरझर हात सांगितले तेही मी दुकानात बसून विणले होते. सकाळी उठलो, दाढी केली, आणि वहिनीला म्हटलं, "चला. पण तिथे तोंड उघडू नका." ती पिशवी घेऊन तयारच होती.

चौकीत इन्स्पेक्टरने मंडळाच्या सगळ्या बायकांना बोलावलं होतं. खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, नाताळाच्या आदल्या दिवसाच्या सभेला बसाव्यात तशा त्या बसल्या होत्या, आणि दोघी-तिघी चक्क विणत होत्या. मी मिळेल त्या खुर्चीवर बसलो. नवीन जबाब दिला. चेहरा पाहिला नाही, फक्त शाल पाहिली, हात नीट पाहिले नाहीत. हे एवढं तोंडातून काढताना मला जे झालं ते शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. खुर्च्यांमधून कुणीतरी च्यक् केलं.

मग इन्स्पेक्टरने अर्धवट शाल पुढे ठेवली आणि उसवणीला सहज विचारलं, "बाई, ही एकतिसावी ओळ इतकी सुंदर दुरुस्त केलीय. दुसरं कुणी केलं असतं तर कळलं असतं, नाही?"

"कळणारच!" ती म्हणाली. "आकडा लावून—" आणि थांबली.

खोलीतल्या सगळ्या सुया थांबल्या. मला वाटलं ती नाकबूल होईल. पण या लोकांचं डोकं कसं चालतं ते मला कधीच कळलं नाही. ती एकदम रागावली. पकडली गेली म्हणून नव्हे.

"मग तशीच ठेवायची होती का चूक?" ती ओरडली. "बाळाच्या अंगावर? सगळं गाव बघायला येतं. मला शाल द्या एवढंच म्हटलं होतं मी तिला. तर म्हणते, तुझ्या विणण्यात नुसता नेटकेपणा आहे. नुसता! आडवी झाली होती कोचावर, तरी म्हणतच होती."

उशी दाबल्यावर ती निघाली होती, तेवढ्यात तिला समोर गॅलरीत मी दिसलो. मग ती म्हातारीची शाल डोक्यावर घेऊन खुर्चीत बसली, विणायला लागली, आणि चूक दिसल्यावर तिला राहवलं नाही. मी चहाचा कप आत ठेवायला गेलो तेव्हा ती उतरली आणि बाकीच्यांत मिसळली. इन्स्पेक्टरने विचारलं, समोर माणूस बसलेला असताना एवढी हिंमत कशी झाली?

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ते? त्यांना आमच्यापैकी एक तरी ओळखू येते का? त्यांना आम्ही सगळ्या एकच. लोकरीचे गुंडे."

बायका हसल्या. खुनी बाई समोर असताना हसल्या, आणि माझ्यावर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभा राहिलो.

"साफ खोटं आहे," मी म्हणालो. "साहेब, त्या दिवशी मी शालीला फसलो, तेवढं मान्य. पण माणसं मला ओळखता येतात. पावणेसहाला जिना चढताना मी त्या सांभाळणाऱ्या बाईला पाहिलं, तीच बाई, यात तिळमात्र शंका नाही. तिला समोर आणा, हजारात ओळखून दाखवतो."

 वहिनीने मान खाली घातली. इन्स्पेक्टर माझ्याकडे बघत राहिला.

"काका," माझ्या शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला. "मीच ती. तासभर तुमच्या शेजारी बसलेय."

मी तिच्याकडे वळलो नाही. वळता आलं नाही. मांडीवर ठेवलेले तिचे हात तेवढे दिसले, बोटांना लोकर ओढून पडलेल्या बारीक रेघा होत्या. चार वर्षं ती रोज संध्याकाळी माझ्यासमोरून तो जिना चढत होती. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. पस्तीस वर्षांत मी कुणाकुणाला असंच घरी पाठवलं असेल, तेही एकदम डोक्यात आलं आणि बसूनच राहिलं.

इन्स्पेक्टरने उसवणीला आत न्यायला सांगितलं. बायका उठल्या, पिशव्या आवरल्या. सांभाळणारी बाई मात्र बसून होती. आपण सुटलो की नाही हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने विचारलं, "आता मी घरी जाऊ का?"

साहेब समोर होते, पण तिने ते मला विचारलं. दोन दिवस तिला माझ्या शब्दानेच तर बसवून ठेवलं होतं.

मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो. वहिनी पुढे आली, तिच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "चल गं, मी येते सोबत. तुझी आई वाट बघत असेल." दोघी दाराकडे निघाल्या. तिने जाताना वळून मला नमस्कार केला, असं वहिनीने मागाहून सांगितलं. मी तेव्हाही खालीच बघत होतो.